साहेबांचे दोन डोळे

“उघडा हो तोंड, साहेब. एकच घास. मग नाही त्रास देणार.”

साहेब ढिम्म. मावशींनी बिनसुईची सिरिंज त्यांच्या ओठांशी नेली, मागे घेतली, पुन्हा नेली. इस्पितळात हट्टी म्हाताऱ्यांना भरवण्यात मावशींची उभी हयात गेली होती. डॉक्टरांनी हात टेकलेला रोगीसुद्धा त्यांच्या हातून चार चमचे खायचा. आणि इथे हा वीतभर सरडा त्यांना दाद देत नव्हता.

सरडा नवऱ्याचा. नवरा गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणायचे. कुठल्याशा गिऱ्हाइकाने जाता जाता हा प्राणी पिंजऱ्यासकट त्याच्या गळ्यात मारला, आणि हा पठ्ठ्या तो मिरवत घरी घेऊन आला. “आपल्याच धंद्यातला आहे,” तो म्हणाला होता. “फक्त याला डबा-ब्रश लागत नाही.” नाव ठेवलं साहेब, कारण तो कुणाचं ऐकत नसे.

संध्याकाळी पेंटर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला की साहेब हिरवेगार होऊन त्याच्या बाहीवर चढत. मावशी जवळ आल्या की काळे पडत आणि तोंड वासून फिसकारत. “सवत परवडली असती,” मावशी म्हणायच्या. “निदान घरकामाला तरी उपयोगी पडली असती.”

पेंटर त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मावशी चहा ठेवायला आत गेल्या आणि कप घेऊन बाहेर आल्या, तेवढ्यात.

पुढच्या गडबडीत पिंजऱ्याकडे कोण बघणार? मावशींनी आपल्या परीने बघितलं. आत वाटीभर पाणी ठेवलं. ते रोज थोडं कमी व्हायचं, म्हणजे पितोय, असं त्या धरून चालल्या. साहेबांचे डोळे खोल गेले तेव्हा कुठे त्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरणीचं दार गाठलं.

“साठलेलं पाणी याला पाणी वाटतच नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “पानावरून थेंब गळताना दिसला तरच पितो. घरात कुणी तसं देत नव्हतं का?”

देत होता. रोज सकाळी ब्रश पाण्यात बुडवून कुंडीच्या पानांवर शिंपडत बसायचा, आणि मावशी म्हणायच्या, घरी आलं तरी याचं रंगकाम सुटत नाही. वाटीतलं पाणी आपसूक उडून जात होतं आणि साहेब तहानेने वाळत होते. वॉर्डात एखाद्या नव्या पोरीने अशी चूक केली असती, तर मावशींनी तिची पार सालटी काढली असती.

“आता हाताने भरवायचं,” डॉक्टरीण म्हणाली. “लाडाने नाही उघडणार तोंड. चिडला की उघडतो, तेवढ्यात घास आत सोडायचा.”

“चिडवायचं कसं?”

“तुम्हाला बघून चिडतो म्हणालात ना? मग झालं की.”

“कुठवर करायचं हे?”

“स्वतः जीभ टाकून किडा पकडेपर्यंत. तोवर खंड पडू देऊ नका.”

तेव्हापासून मावशी पिंजऱ्यापाशी गेल्या की साहेब फिसकारायचे, आणि रागारागाने का होईना, घास पोटात जायचा.

आज मात्र घोटाळा झाला. वॉर्डातून येताना अंगावर औषध सांडलं होतं. मावशींनी दारामागे अडकवलेला पेंटरचा डागाळलेला शर्ट साडीवरूनच चढवला आणि पिंजरा उघडला. साहेब काळे पडले नाहीत. बघता बघता हिरवे झाले, बाहीवर चढले, आणि तोंड गच्च मिटून निवांत बसले. मावशींनी सिरिंज पुढे करून विनवलं, तरी ढिम्म. त्यांचा एक डोळा मावशींवर होता. दुसरा फिरत फिरत मागे गेला आणि खुर्चीवर थांबला.

शर्टाला टर्पेंटाइनचा वास होता. मावशींच्या मानेवर काटा आला. पण त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर खुर्ची रिकामी दिसली असती.

दुसऱ्या दिवशी अंगावर काहीच सांडलं नव्हतं. तरी त्यांनी शर्ट घातला. तिसऱ्या दिवशी खुर्चीशेजारी चहाचा कपही ठेवला. इतकं बरं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

नणंद आली ती दारातच थबकली. “वहिनी, दादाचा शर्ट घातलास?”

“असू द्या हो, वन्सं.”

नणंदेने साहेबांकडे पाहिलं. “हा कुणाकडे बघतोय गं?”

“तुमच्या दादाकडे.”

 नणंदेने आपलं स्टूल खुर्चीपासून जरा लांब ओढलं. मग हळूच विचारलं, “आणि खातोय का?”

“नाही. शांत असतो नुसता.”

“दादा इथे असता, तर याला असा उपाशी ठेवला असता का?”

 मावशींच्या बाहीवरच्या साहेबांना वजनच उरलं नव्हतं. माणसं शेवटी शेवटी अशीच शांत होतात, घास पुढे केला की मान वळवतात, हे वॉर्डात त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं मात्र कधी केलं नव्हतं.

नणंद गेल्यावर त्यांनी शर्ट काढला. तोंड त्यात खुपसून त्या बराच वेळ रडल्या. मग तो धुतला, वाळल्यावर घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला. कप विसळून फळीवर गेला.

“या, साहेब,” त्या पिंजऱ्यासमोर बसून म्हणाल्या. “रागवा. मीच आहे.”

साहेब काळेठिक्कर पडले आणि फिसकारले. घास आत गेला. रोज तेच चाललं. सकाळी त्या ब्रशने पानांवर पाणी शिंपडत, दुपारी शिव्या खाल्ल्यासारखं फिसकारणं ऐकून घेत. साहेबांचा दुसरा डोळा खुर्चीवरच असे. त्याला मावशींनी कधी हटकलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी चिमट्यात जिवंत नाकतोडा धरला. नेम धरला की साहेबांचे दोन्ही डोळे एका जागी येतात, असं पेंटर सांगायचा. एक डोळा नाकतोड्यावर आला. दुसरा खुर्चीपाशी घुटमळला, परत फिरला, पुन्हा तिकडे गेला. मावशींनी श्वास रोखला. मग तोही पुढे आला. सटकन जीभ सुटली आणि चिमटा रिकामा झाला.

“अहो, खाल्लं बघा त्याने,” म्हणत मावशी मागे वळल्या.

खुर्चीवर ऊन पडलं होतं. खुर्चीच्या हातावर रंगाचा जुना निळा डाग होता.

त्यांनी सावकाश मान फिरवली आणि दुसरा नाकतोडा चिमट्यात धरला. साहेबांचे दोन्ही डोळे त्यांच्या हातावर आले. खुर्चीकडे आता घरातलं कुणीच बघत नव्हतं.