ठोकताना बोलू नये

घरं तपासणाऱ्या सर्व्हेअरने हातोडी उलटी धरली, स्टुलावर चढला आणि दांड्याने छताला हलकेच ठोकलं. आवाज बद्द आला. हातभर पुढे सरकून पुन्हा ठोकलं, पुन्हा तसाच. खाली पलंगावर आजोबा उताणे पडून त्याची कसरत बघत होते. त्यांच्या छातीवरच्या चादरीवर चिमूटभर पांढरी माती पडली.

"हीच ती माती," दारात उभी असलेली त्यांची सून म्हणाली. "चार दिवस झाले, रोज चादर झटकतेय. म्हटलं रंग नवा आहे, त्याचाच भुगा असेल. तरी तुम्हाला फोन केला."

तिसऱ्यांदा उचललेला हात त्याने तसाच खाली घेतला. उशीपासून पायथ्यापर्यंतचा सगळा गिलावा स्लॅबपासून सुटला होता आणि नव्या रंगाच्या भरवशावर वर लटकत होता. तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला ते कळायला दोन ठोके पुरे होते. मग दोन महिन्यांपूर्वी का कळलं नाही? घर घेण्याआधी या लोकांनी त्यालाच बोलावलं होतं. अहवालावर त्याची सही होती. छत मजबूत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"आजोबांना दुसऱ्या खोलीत हलवायचंय. आत्ता."

"आत्ता? अहो, नुकते जेवलेत ते. संध्याकाळी हे आले की दोघं मिळून..."

"संध्याकाळी नाही, ताई. तुम्ही पलंग पायाकडून धरा."

आजोबांना गंमत वाटली. अर्धांगाने त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं, पण जीभ शाबूत होती. "काय हो, तुम्हीच ना म्हणालात, घर ठणठणीत? येईल त्याला तुमचा तो व्हिडिओ दाखवतो आम्ही. माझ्यापेक्षा छताची तब्येत बरी, असं मी सगळ्यांना सांगतो."

त्याने पलंग ओढला. पलंगाचा एक पाय फरशीच्या खाचेत अडकला. तो सोडवायला वाकला तेव्हा आपल्या मानेवर काहीतरी पडणार, या भीतीने त्याचे खांदे आपोआप वर आले. पलंग उंबऱ्यापलीकडे गेल्यावर त्याने खोलीचं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि मग कुठे श्वास सोडला.

"दार उघडायचं नाही. झाडायला, पुसायलासुद्धा नाही. उद्या सकाळी मी माणसं घेऊन येतो, खर्च माझा," असं सांगून तो बाहेर पडला आणि जिन्यात येऊन पायरीवर बसला.

घर पाहावं बांधून, म्हणतात. हल्लीचे लोक घर पाहतात मोबाइलवर. हे त्याच्या लेकीने त्याच्या आधी ओळखलं. दीड वर्षापूर्वी काम इतकं रोडावलं होतं की हातोडीला गंज चढेल असं वाटत होतं. तेव्हा तिनेच मोबाइल काठीवर लावला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जे करता तेच करा. फक्त करताना बोला." तो बोलू लागला. भिंत ठोकायची, कॅमेऱ्याकडे वळायचं आणि म्हणायचं, "घर ठणठणीत!" लोकांना ते भलतंच आवडलं. रस्त्यात अनोळखी माणसं त्याला ठणठणीतकाका म्हणून हाक मारू लागली, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते गोड लागलं. पूर्वी तो वहीत जागच्या जागी नोंद करायचा. "एकदा कॅमेऱ्यापुढे सांगता, मग पुन्हा लिहायचं कशाला?" असं लेक म्हणाली तेव्हापासून वही सुटली. घरी येऊन, चहा घेता घेता, तिने तयार केलेला व्हिडिओ बघून तो अहवाल लिहायचा.

ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते म्हातारे सर्व्हेअर या सगळ्याला काय म्हणाले असते, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. "ठोकताना बोलू नये," ते दटावायचे. "भिंत सांगत असते तेव्हा आपलं तोंड बंद."

त्याने मोबाइल काढून या घराचा व्हिडिओ लावला. छताचा तोच कोपरा, तीच हातोडी. आवाज मात्र ठण्ण, खणखणीत. त्याने तीनदा ऐकला. मग लेकीला फोन लावला.

"अगं, या व्हिडिओतला ठोक्याचा आवाज... तो तिथलाच आहे ना?"

"म्हणजे?"

"मी छताला ठोकलं, त्याचा."

"नाही हो, बाबा. तुम्ही ठोकता ठोकता बोलता ना, त्यात तो दबून जातो. काहीच ऐकू येत नाही. म्हणून मी एकदाच नीट रेकॉर्ड करून ठेवलाय. तोच टाकते."

"कुठला केला रेकॉर्ड?"

"आपल्या स्वयंपाकघरातला. ओट्यामागच्या भिंतीचा. का? काय झालं?"

"किती व्हिडिओंत टाकलास?"

"सगळ्यांतच. पहिल्यापासून." आता तिचाही आवाज बारीक झाला. "बाबा, तुम्ही तिथे ऐकता ना? तुम्ही स्वतः ऐकता म्हणूनच तर मी..."

"मग बोलतो," म्हणून त्याने फोन ठेवला. चूक तिची नव्हती. एकेचाळीस घरं. एकेचाळीस घरांना त्याने आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीची ग्वाही दिली होती. त्यांतली बहुतेक धडधाकट असतील, असं त्याने स्वतःला बजावलं. पण कुठली, ते आता त्याला सांगता येत नव्हतं.

त्याने यादी काढली. आठवतील तेवढ्या जुन्या इमारती आधी. पहिलाच नंबर एका एकट्या राहणाऱ्या बाईंचा होता. वय सत्तरीच्या पुढचं, हातात काठी, बोलण्याची भारी हौस.

"कोण? अगं बाई, ठणठणीतकाका!" त्या खूश झाल्या. "आत्ताच बहिणीला तुमच्याबद्दल सांगत होते."

"आजी, ऐका. तुमच्या झोपायच्या खोलीत छतावरून काही पडतंय का? माती, भुगा?"

"पडतं थोडंसं. म्हातारं घर, म्हातारी बाई, दोघांचंही काहीतरी गळायचंच." त्या स्वतःच हसल्या. "पण छत पक्कं आहे हो. मी रोज काठीने वाजवून बघते, तुमच्यासारखं. थांबा, तुम्हालाच ऐकवते."

"नको! आजी, ठोकू नका! आधी खोलीतून बाहेर..."

पण फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो उठून उभा राहिला, जिना दणाणेल इतक्या जोराने ओरडला, "आजी! आजी!" वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं. पलीकडे काठीची टकटक लांब लांब गेली आणि थांबली.

मग तो गप्प झाला. मोबाइल कानाशी घट्ट दाबून, श्वास रोखून तो ऐकू लागला.