मारुतरावाचं बंद पडलेलं नाक

मित्रांनो, मी एक जुनं नाक हाय. चाकणला कंपनीत मशीन चालवणाऱ्या मारुतरावाचं. तान्हेपणी त्याच्या आईनं तेल लावून, चिमटीत धरून मला सरळ केलं. कंपनीत माझा लई मान! मोटर जळायच्या आधी मला वास यायचा. पोरं म्हणायची, "मारुतराव, तुमचं नाक म्हंजी सायरन हाय राव!"

पन्नाशीत मारुतरावाला साखर निघाली अन् बायकोपाशी, शालनबाईपाशी, जायला तो बिचकू लागला. कुणाला सांगितलं तर नाक कापलं जाईल, म्हंजी मीच की! म्हणून डॉक्टरला न विचारताच त्यानं पिंपरीतून गुपचूप 'त्या' कामाची गोळी आणली.

गोळीचं काम पार खाली. अन् तुंबलं कोण? मी! दोन्ही दारं बंद, गडी तोंडानं श्वास घेतोय.

शालनबाईला वाटलं सर्दी. तिनं ओव्याची पुरचुंडी शेकून हुंगायला दिली. पण दर खेपेला तेच. एका सकाळी चहा पुढं ठेवून ती म्हणाली, "अहो, मी जवळ आले की तुमचं नाक बंद होतं. माझा वास नको झालाय का?"

"काय तरीच काय बोलतीस!"

"मग तोंड का फिरवता? मी आपली तळेगावला लेकाकडं जाते राहायला."

मारुतराव कात्रीत सापडला. एकीकडं मी, एकीकडं ती. शेवटी त्यानं गोळ्यांचं पाकीट कपापाशी ठेवलं. "ह्यानं होतंय. तुझ्यापायीच घेतो."

तिनं पाकीट उलटसुलट करून वाचलं. मग पदरात तोंड घालून हसली. "अन् मी ओवा हुंगवतेय! उठा, डॉक्टरकडं चला."

डॉक्टरांनी साखर, बीपी, छाती, सगळं तपासलं. म्हणाले, "गोळीनं रक्ताच्या नळ्या सैल होतात, नाकातल्यासुद्धा. नाकाच्या आतलं मांस तिथल्यासारखंच, स्पंजागत. छातीच्या काही औषधांबरोबर घेतली असती, तर जिवावर बेतलं असतं."

मी तर गारच पडलं! जन्मभर वाटायचं, मी वरच्या मजल्यावर एकटंच. पण कंपनीत एकाच पाइपातली हवा साऱ्या मशिनींना जाते, तसंच हे. खाली कॉक फिरवला अन् वर मी फुगलं! कुणी जोडली असंल ही लाइन?

डॉक्टरांनी गोळी हलकी करून दिली. अजून कधी जरा चोंदतं मी, पण आता शालनबाई हसते.

मित्रांनो, नाक राखायला म्हणून डॉक्टरपासून काई लपवू नका. काल मारुतराव तिच्याजवळ बसला अन् मला तिच्या केसांतल्या माक्याच्या तेलाचा वास आला. जळक्या मोटरी लई हुंगल्या, पण सायरन असून मी गप बसलं, असं पहिल्यांदाच झालं.