वाळत घातलेला मुळा

बुरशी... पांढरी, कापसासारखी, प्रत्येक बीच्या बुडाशी एवढीएवढीशी. आणि बी तरी केवढं, मुळ्याचं, तपकिरी, फुटून आपलं शेपूट काळ्या लोकरीत खुपसून, वर पिवळी मान काढून बसलेलं—हिरानं मातीचा परळ खिडकीकडे तिरका धरला, डोळे बारीक केले आणि चहाच्या आधीच तिच्या तोंडून ‘च्च’ निघालं. पुन्हा बुरशी. नारळाच्या काथ्यावर आली, जुन्या सुती साडीच्या घडीवर आली, गोणपाटावर तर अशी आली की ते घराबाहेर नेऊन टाकावं लागलं. आणि आता घोंगडीच्या तुकड्यावरही... तिनं बोटांनी पाणी शिंपडलं. पांढरं सगळं चटकन बसलं, दिसेनासं झालं. म्हणजे बुरशी नव्हतीच. मुळांची लव होती. पाणी मारल्यावर बसते ती लव, बसत नाही ती बुरशी, हे तिला पाठ होतं, आणि तरी राग आधी येऊन बसला होता. आता या आलेल्या रागाचं करायचं काय, तो तर पाणी मारून बसत नाही. तिनं तो बाकीच्या तीन परळांवर रचला, वर ताटली घातली, वजनाला वरवंटा ठेवला आणि चहाचं आधण चढवलं.

चार परळ, चार तुकडे. अंधारात, ओलीत, दडपून ठेवायचे तीन-चार दिवस, मग उजेडात काढायचे. पिवळी रोपं हिरवी होतात, बोटभर वाढली की कापून खायची. बाजूला गॅलरीत दोन माठ, त्यात खत विरघळवलेलं पोषणाचं पाणी, आणि माठाच्या तोंडावर बुडाला भोक पाडलेली मातीची बोळकी, त्यांतून पालकाची मुळं खाली पाण्यात लोंबणारी. माती नाही, शेत नाही. आणि प्लास्टिक नाही. एवढंच तिचं म्हणणं होतं. पोषणाच्या औषधाची एक बाटली तेवढी प्लास्टिकची, ती तिनं स्वतःला माफ केली होती. पण माणूस एखादी गोष्ट नको म्हणालं की सगळ्या जगाला तीच द्यावीशी वाटते. हनुमंतचा, तिच्या नवऱ्याचा, बाजारपेठेत मोटारी रिवाइंडिंगचा गाळा. त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नाला पाइप हे उत्तर तयार असायचं.

“चार इंची पाइप आणतो, भोकं पाडतो, विषय संपला,” आजही तो शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला. “आणि ह्या घोंगडीचा वास बघ. घरात मेंढरू बांधल्यावानी वाटतंय.”

तिनं चहा गाळला. वास येत होता. ओल्या घोंगडीचा वास—तो दुसऱ्या कशालाच येत नाही—आणि तो तिला कुणी सांगायला नको होता. आळे गावच्या शाळेत बाकावर शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावायची, आणि हिरा विहिरीवर कपड्यांच्या साबणानं केस धुवायची, कोरडे पडेपर्यंत, तरी तो वास केसांच्या मुळाशी असल्यासारखा वाटायचा. त्या वासापासून पळत पळत जुन्नरात आले, दोन खोल्या, गॅलरी, दवाखान्यात केसपेपर काढायची नोकरी... आणि आता मीच तो कात्रीनं कापून, पाण्यात भिजवून, परळात घालून ठेवलाय.

गॅलरीतून खोकल्याचा आवाज आला. आबा. यमाजी, तिचे वडील. मेंढरं विकल्यावर तिच्या धाकट्या भावानं, धर्माजीनं, ‘थोडे दिवस ने’ म्हणून आणून सोडले होते, त्याला आता चार महिने होत आले. घोंगडी त्यांचीच. जुनी, मधे विरलेली. ‘देता का’ म्हटल्यावर लगेच दिली होती. कशाला हवी, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. थंडीचे दिवस, लेक अंगावर घेणार, असं त्यांनी धरलं असेल.

आबांचा तसा त्रास म्हणावा तर काहीच नाही आणि म्हणावा तर क्षणाक्षणाला. ते काही मागत नाहीत. गॅलरीत उन्हाला बसतात आणि दिसेल ते नीट करतात. नीट म्हणजे त्यांच्या दृष्टीनं. पालकाची बोळकी उचलून त्यांनी माठातलं पाणी पेला बुडवून प्यायलं होतं, आणि तिला हाक मारून सांगितलं होतं, “हिरे, पाणी खारट लागतंय गं. माठ बदलून आण.” ती धावत दवाखान्यात गेली, डॉक्टरांना विचारलं, एवढ्यानं काही होत नाही म्हणाले. माठावर कागद चिकटवला, तर आबांना वाचता कुठे येतं. शेवटी तिनं माठावर कोळशानं फुली मारली. दुसऱ्या दिवशी आबांनी ती ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून ठेवली होती.

आणि माठ पाझरतात. पाझरायलाच तर असतात ते. गॅलरीतून पाणी जिन्यावर, आणि जिन्यावरून शीलावहिनींच्या, म्हणजे घरमालकिणीच्या कपाळावरच्या आठ्यांत.

आजही ती कामावर निघाली तेव्हा त्या जिन्यात उभ्या होत्या. “आळ्याला आमची एवढी जमीन पडलीय हिरा,” त्या म्हणाल्या, “भाजी पायजे तर सांग ना, गडी आणून देईल. हे माठ काढ आन् टब घे बाई प्लास्टिकचे. उद्या कोण पडलं-बिडलं म्हंजे?”

“बघते वहिनी,” हिरा म्हणाली. चार महिने ती सगळ्यांना ‘बघते’ म्हणत होती. एकाच बाजूनं कुणी बोललं असतं तर ती भांडली असती; पण चारी बाजूंनी सगळे प्रेमानंच बोलत होते आणि त्या प्रेमात तिचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यांतल्या कुणाला घालवता येण्यासारखं आहे, असा विचार तिनं जिना उतरता उतरता केला. नवऱ्याला नाही. घरमालकिणीला नाही. उरलं कोण, ते तिला शेवटच्या पायरीवर पाऊल पडायच्या आत समजलं होतं.

दवाखान्यात गर्दी होती. नाव, वय, गाव... येडगाव... नाव, वय... एका बाईनं औषधं घेतली आणि त्यांच्यासाठी पिशवी मागितली, ती पातळ पिशवी तिच्या बोटांत सळसळली, आणि हिराचं पेन थांबलं. त्याच आवाजाचं काहीतरी आबांनी ओढून काढलं होतं—टिकलीच्या पोटातून. कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हातारी मेंढी. टोमॅटो निघालेल्या रानात मेंढरांचा वाडा बसवला होता, खतासाठी, मालकानं हौसेनं बोलावून. आणि वाफ्यांवरचा मल्चिंगचा कागद तसाच फाटून पडलेला. असतं प्लास्टिक, पण सगळे त्याला कागदच म्हणतात. टिकली चार दिवस फुगून पडली, मेली, आबांनी सुरी घेतली आणि बघितलं. वळलेल्या दोरासारखा निघाला, काळा आणि चंदेरी, निघतच राहिला. आबांनी तो कॅनॉलवर नेऊन धुतला. कशाला धुतला, देव जाणे. धुऊन बांधावर पसरला, हातानं सपाट केला आणि म्हणाले, “आर्धं रान हिच्या पोटात व्हतं.” वर्षभरात त्यांनी उरलेली मेंढरं काढून टाकली.

त्याचा आणि माझ्या परळांचा काही संबंध नाही. लोक उगाच संबंध जोडतात. मला भाजी स्वच्छ हवी, एवढंच.

“ताई, वय लिव्हलं का? पासष्ट,” समोरचा माणूस म्हणत होता. तिनं पासष्ट लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिनं धर्माजीला मेसेज केला. ‘आबांना न्यायला ये.’ मग वाचून बघितला. तीनच शब्द, आणि त्यांत कुठे रागही दिसत नव्हता. पाठवला. पाठवल्यावर हलकं वाटलं. आणि धर्माजीचं घर येडगावला धरणाच्या कडेला, तो दिवसभर पिकअपवर, त्याची बायको सुंदरा कंपनीत, आबा तिथे दिवसभर बंद दारासमोर बसणार... हे सगळं तिला माहीत होतं, तरी हलकंच वाटलं. मी तरी काय करू? सगळ्यांचं माहीत असून मीच का सोसायचं?

परत येताना बियाण्याच्या दुकानात मोहरी घेतली. “कागदात द्या,” ती म्हणाली. दुकानदारानं मोहरी तोलली, आणि सराईतपणे बाजूची पातळ पिशवी फुंकर मारून उघडली. “कागदात म्हटलं ना मी,” ती म्हणाली. “कागदातच देतोय की ताई,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखर काही खोटं नव्हतं. तिनं मोहरी पदरात घेतली. वेशीपासून घरापर्यंत पदर मुठीत धरून चालताना तिला वाटलं, या प्लास्टिकचं बरं असतं. ते कधीच काही नसतं, म्हणून काहीही होऊ शकतं. टब, पाइप, पिशवी, कागदसुद्धा. माठ मात्र आधीपासून माठ असतो. त्याला तुम्ही शेत म्हणालात तरी एक म्हातारा येऊन त्यातलं पाणी पितोच.

जिना चढताना वास आला नाही. घरात ओल्या घोंगडीचा वास नव्हता. ती आत गेली. वरवंटा पाट्यावर जागेवर ठेवलेला. चारही परळ धुऊन, पुसून, एकात एक रचलेले.

गॅलरीत दोरीवर घोंगडीचे तीन तुकडे वाळत होते. भर उन्हात. चिमटे नीट लावलेले. तुकड्यांवर पिवळी रोपं माना टाकून, उभ्या भिंतीवरून घसरावीत तशी लोंबत होती, आणि एकही खाली पडलेलं नव्हतं. मुळं विणीतून आरपार जाऊन मागच्या बाजूला निघाली होती. काळ्यातून पांढरे धागे, घोंगडी विणणारानंच घातल्यासारखे.

“वली घोंगडी दडपून ठिवत्यात व्हय गं?” आबा म्हणाले. ते भिंतीला टेकून बसले होते आणि चौथा तुकडा त्यांच्या मांडीवर होता. “वास आला म्हणून बघितलं. कुजली आसती. दोनदा उलटी केली.”

तिला ओरडायचं होतं. तोंडात सगळं जमून आलं होतं—आबा, हे तीन दिवसांचं, हे तुम्ही, प्रत्येक वेळी तुम्ही. पण ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. अंगठा आणि तर्जनी, लोकरीत शिरून, चिमटून, हळू ओढून... मेंढीच्या अंगातलं गोखरू काढतात तशी ते रोपं काढत होते. लोकर तुटू नये, मेंढी बिचकू नये, इतक्या हळू. तुकडा जवळजवळ स्वच्छ झाला होता. काढलेली रोपं त्यांनी टाकली नव्हती. टोपी काढून टोपीत ठेवली होती.

“काय तरी चिकटलंय समद्याला,” ते म्हणाले. “ह्याचं निघालं. त्येंचं लई घट बसलंय.” मग टोपीकडे बघून, “मुळा हाय न्हवं? खाऊन बघितला. तिखट हाय. मेंढरू न्हाई खायाचं.”

तुकड्याची कड दिसत होती, तिनं कात्रीनं कापलेली, सरळ. त्यांना दिसली नसेल असं कसं होईल? सकाळपासून ती त्यांच्या मांडीवर होती. अख्खी घोंगडी दिली होती आणि चार तुकडे हातात आले होते. त्याबद्दल ते काहीच बोलले नव्हते. ओली का ठेवलीस, एवढंच विचारलं होतं.

तिनं तांब्या भरून आणला आणि दोरीवरच्या तुकड्यांवर पाणी शिंपडायला लागली. आबांनी मान वर करून बघितलं.

“आता कुठं वाळत आली व्हती,” ते वैतागून म्हणाले.

“वाळवायची नाही ती, आबा.”

“मग काय वलीच घालायची अंगावर?”

सांगायला हवं होतं. माती नाही, अंधार, मुळं, उजेड... पहिल्यापासून. किती वेळा सांगावं लागलं असतं, आणि उद्या पुन्हा वरवंटा जागेवर आणि तुकडे दोरीवर. ती शिंपडत राहिली. पाणी तुकड्यांवरून उतरून खाली ठिबकत होतं, जिन्याच्या दिशेनं चाललं होतं, आणि आता खालून हाक येणार हेही तिला ठाऊक होतं. वास परत आला. काही रोपांनी मान किंचित उचलल्यासारखी वाटली; की तिला तसं वाटावंसं वाटत होतं.

फोन वाजला. धर्माजी.

“ताई, मेसेज बघितला. भांडण झालं का काय?” तो म्हणाला. “न्हाई, मी येतो. उद्या सकाळी गाडी रिकामीच हाय. आबांचं सामान तेवढं बांधून ठेव.”

आबांनी मांडीवरचा तुकडा उन्हाकडे धरून पारखला, झटकला, घडी करून बाजूला ठेवला आणि भिंतीला हात लावून उठले, दुसरा तुकडा दोरीवरून काढायला. ओला लागला तशी नाराजीनं पिळणार होते; मग पिळला नाही, तसाच पसरून मांडीवर घेतला आणि बोटं लोकरीत घातली.

“ताई? ऐकतीयस ना?”

“उद्या नको,” हिरा म्हणाली. “अजून तीन तुकडे राहिलेत.”

“कसले तुकडे?”

तिला सांगता येईना. ते तुकडे वाचवायचे होते की आबांच्या हातात द्यायचे होते, हेच तिचं तिला ठरवता येत नव्हतं. परवा येऊ का, असं धर्माजी विचारत होता. ती फोन कानाला लावून आबांची बोटं बघत होती. बोटं चुकीचं काम इतकं नीट करत होती की तिच्या तोंडाशी पुन्हा तेच सगळं ओरडणं आलं, माठासकट, पुसलेल्या फुलीसकट. राग सकाळचाच होता, कणभर कमी झाला नव्हता. फक्त त्या रागात आबांनी जावं असं जे होतं, ते तिनं कुठे ठेवलं होतं, ते तिला आता सापडत नव्हतं.