दाबा, धरा, सोडा

"दाबा."

गाडीखालून पिराजीचा आवाज आला. वर बसलेल्या श्रीपालआण्णांनी डाव्या पायानं क्लच दाबला.

"धरा."

"धरलंय की!"

पिराजीनं पान्यानं खालच्या सिलेंडराचं, हवा काढायचं निपल सैल केलं. निपलला लावलेल्या प्लास्टिकच्या नळीतून ऑइल बुडबुड्यांसकट खालच्या बाटलीत उतरायला लागलं. आता निपल आवळायचं आणि मगच 'सोडा' म्हणायचं. क्लचच्या पाइपात अडकलेली हवा काढायची रीत एवढीच. पण त्याला माणसं दोन लागतात, एक वर पाय धरून बसणारा आणि एक खाली पाना धरून पडलेला. पिराजीनं पाना फिरवायच्या आतच नळीतलं ऑइल मागं सरकलं आणि आत्ताच बाहेर पडलेले बुडबुडे पुन्हा आत गेले. वरचा पाय उठला होता.

"आण्णा, मी सोडा म्हटलो न्हाय."

"मी तरी कुठं सोडलंय? धरूनच बसलोय!"

आण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण क्लच धरलाय. पिराजी पुठ्ठ्यावर तसाच पडून राहिला. पाठ भरून आली होती. उभा जन्म उद्यमनगरातल्या गॅरेजात गाड्यांखाली पडून काढलेला. घरच्या अंथरुणावर एवढा पडला नसेल. हल्लीच्या गाड्या कंपनीच्या शोरूमला जातात. पिराजीकडं उरल्या त्या जुन्या जीपा, दोन टेम्पो आणि आण्णांची ही पिवळी, विलायती, दोन सीटची गाडी. आण्णांनी ती लग्नाच्या आधी हौसेनं घेतली होती. अवजारांचं दुकान मुलाच्या, अनेकांतच्या हाती दिलं, पण गाडीची किल्ली कुणाला दिली नाही. दर रविवारी विजयमालावहिनींना शेजारी बसवून ते बाहुबलीच्या डोंगराला दर्शनाला जात.

याच क्लचसाठी गाडी तिसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा पेडल पार तळाला जात होतं. खालच्या सिलेंडरातून ऑइल गळत होतं, पिराजीनं त्याचं रबर बदललं. मग गिअर टाकताना करकर सुरू झाली, म्हणून त्यानं वरचा सिलेंडर खोलला, त्याचंही रबर बदललं. आज गाडी दुकानाच्या टेम्पोला दोर बांधून आली, तेव्हा त्यानं मधला पाइपही नवा टाकला. आता बदलायला काही उरलं नव्हतं. आणि दर वेळी हवा काढताना पेडलवर आण्णाच. गाडीच्या मालकालाच पायावर बसवायचा पिराजीच्या गॅरेजातला रिवाज होता, मालकाला आपलं पेडल कळतं म्हणून. गेल्या वेळीही नळीतलं ऑइल असंच मागं सरकलं होतं. रबर हलकं निघालं असणार, असं म्हणून पिराजीनं स्वतःची समजूत घातली होती.

तो बाहेर आला. गॅरेजच्या दारातच आण्णांची एक चप्पल पडलेली दिसली, डाव्या पायातली. आण्णा ती तिथंच सोडून गाडीत येऊन बसले होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. वहिनी जीपच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसल्या होत्या. त्या उठल्या, चप्पल उचलली आणि परत जागेवर बसल्या. पिराजीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

पिराजी गाडीच्या दाराशी गेला.

"आण्णा, तुम्ही जरा पुढं या. वरच्या डब्यातलं ऑइल बगत बसा. कमी झालं की सांगा. वैनी, तुम्ही पायावर बसा."

"हिला काय कळतंय त्यातलं?" आण्णा म्हणाले.

"कळायचं काय त्यात? दाबायचं न् धरायचं."

वहिनी गाडीत बसल्या. लुगडं सावरून त्यांनी पेडलवर पाय ठेवला. पिराजी पुन्हा खाली गेला.

"दाबा. धरा."

वहिनींनी धरलं. पिराजीनं मुद्दाम जरा वेळ लावला. नळीतलं ऑइल जागचं हललं नाही. असं चार-पाचदा केल्यावर बुडबुडे थांबले आणि नुसतं स्वच्छ ऑइल यायला लागलं. इतक्या दिवसांचं दुखणं बघता बघता बरं झालं. एरवी असं काम फत्ते झालं की पिराजी खालूनच ओरडायचा, जमलं म्हणून. आज तो खाली पडून राहिला आणि वरचं गंजकं पत्र्याचं बूड बघत बसला.

"झालं का रे?" आण्णांनी विचारलं.

"झालं."

पिराजी बाहेर आला, वहिनी उतरल्या आणि आण्णा घाईनं आत बसले. गाडी चालू केली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. कर्रर्र. पुन्हा दाबला. पुन्हा तोच आवाज. समोरच्या लेथवरची माणसं वळून बघायला लागली.

"गेलं तुझं हात, पिराजी!" आण्णा ओरडले. "म्हातारा झालास. एक क्लच हुईना व्हय तुला? अनेकांत म्हणतोय, ह्या वक्ताला गाडी नीट न्हाय झाली तर इकून टाकू. त्यानं गिऱ्हाईक बी बगून ठेवलंय. आता मी त्याला काय सांगू?"

पिराजीकडं थाप तयार होती. आतली प्लेट गेली, मुंबईहून मागवावी लागंल, महिना जाईल. महिनाभर तरी आण्णांना आशा राहिली असती. पण मग पुन्हा गाडी खोलायची, पुन्हा ते 'धरा' आणि 'धरलंय की'. त्याला त्याचाच कंटाळा आला. तो दार उघडून उभा राहिला. आण्णा उतरले. पिराजी बसला, क्लच दाबला, गिअर टाकला. काही आवाज आला नाही. त्यानं गिअर काढला, पुन्हा टाकला.

"गाडी बरी हाय, आण्णा," तो म्हणाला.

आण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मग वहिनींकडं बघितलं, त्यांच्या हातातल्या चपलेकडं बघितलं, आणि मग स्वतःच्या अनवाणी पायाकडं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं चप्पल निसटतीया," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यात चला म्हणत हुते. तुमी ऐकताय व्हय कुणाचं?"

आण्णा बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. ते पुन्हा ओरडतील असं पिराजीला वाटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चालीव मग," आण्णा म्हणाले. "बगू तरी तुझी दुरुस्ती."

ते वळसा घालून पलीकडं गेले आणि वहिनींच्या सीटवर बसले. सीट दोनच. वहिनी म्हणाल्या, "जावा तुमी. मी बसते हितंच." चप्पल त्यांच्या हातातच राहिली.

गाडी उद्यमनगरातून निघून कळंब्याच्या रस्त्याला लागली. इंजिन छान बोलत होतं. दुसरा गिअर टाकताना पिराजीची नजर सहज डावीकडं गेली. आण्णांचा अनवाणी पाय समोरच्या मॅटवर दाबलेला होता. तिसऱ्या गिअरलाही तो दाबला गेला आणि आपसूक घसरून मागं आला.

कळंब्याच्या तळ्याच्या कडेला आण्णांनी गाडी थांबवायला लावली.

"अनेकांतला सांगतो, गिऱ्हाइकाला बोलीव म्हणून," ते म्हणाले. "गाडी बरी हाय, असं तूच सांग त्याला. तुझ्या तोंडनं आलं म्हंजे इश्वास बसंल त्याचा."

"सांगतो."

"आन् मगाशी बोललो ते मनात धरू नगंस."

"कशाला धरतोय, आण्णा."

पिराजीनं गाडी चालू केली. गिअरवर हात ठेवला, पण लगेच क्लच दाबला नाही.

"दाबा," तो म्हणाला.

आण्णांनी त्याच्याकडं बघितलं नाही. पण त्यांचा डावा पाय मॅटवर दाबला गेला. त्याबरोबर पिराजीनं क्लच दाबला. गिअर अलगद बसला.

"धरा."

"धरलंय की," आण्णा हळूच म्हणाले.

त्यांचा पाय घसरून मागं येईपर्यंत पिराजी थांबला.

"सोडा," तो म्हणाला, आणि त्यानं क्लच सोडला.