चित्राचा श्वास

"हलला गं! ह्यांचा हात हलला!" वहिनी फोनवर नुसती ओरडत होती. "टीव्हीवर दिसतंय. अधिकाऱ्यांनीसुद्धा बघितलं. त्यांचा माणूस वर चढतोय!"

सकाळपासून माझा दादा त्या टॉवरच्या मधल्या फळीवर पडून होता. अँटेना बसवायला गेला, वाऱ्याने तोल गेला आणि वरून फळीवर आपटला. वारा असा पिसाटलेला, की अग्निशमन दलाचे अधिकारी कुणाला वर सोडेनात. त्यांचं सरळ म्हणणं होतं: जिवंत असेल तर धोका पत्करू, नसेल तर वारा पडेपर्यंत थांबू. खालून तो दिसत नव्हता, फळी आड येत होती. समोरच्या गच्चीवरून शहराच्या चॅनलचा कॅमेरा तेवढा त्याला दाखवत होता. वहिनी आणि ते अधिकारी टॉवरखालच्या वॉचमनच्या केबिनमध्ये टीव्हीला डोळे लावून बसले होते.

तो टीव्ही चालतो आमच्या केबलवर. चित्रं दाबून, लहान करून घरोघरी पाठवणारी मशीन मी सांभाळते. लोकांना वाटतं, वायर खुपसली की झालं. डोंबलाचं झालं!

मी स्क्रीनकडे वळले. घरोघरी जाणाऱ्या चित्रात दादाचा हात खरंच हलत होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आहे, माझा दादा आहे! मग फळीचा कठडा हलला. मागचा लोखंडी खांबसुद्धा. सगळं एकाच ठेक्यात, जरासं, पुन्हा जरासं.

हा प्रकार मी ओळखला.

हे चॅनल अजून जुन्या एमपेग-टू फॉरमॅटवर आहे. त्यात मशीन दर वेळी अख्खं चित्र पाठवत नाही. एकदा पूर्ण पाठवते, मग बदललं असेल तेवढंच. तारेतली जागा कमी पडली, की प्रत्येक नवं पूर्ण चित्र किंचित वेगळं उमटतं आणि दगडसुद्धा हलल्यासारखा दिसतो. आम्ही त्याला चित्राचा श्वास म्हणतो. आज जागा कमी होती, कारण आज मॅच होती आणि मॅनेजरने जवळजवळ सगळी तिकडे वळवली होती.

मी कॅमेऱ्याकडून येणारं, न दाबलेलं चित्र लावलं. दादाचे डोळे उघडे होते. वाऱ्याने केस डोळ्यांत जात होते, तरी पातं लवत नव्हतं. लव ना रे, एकदा तरी लव! मी बघत राहिले. नाहीच लवलं.

गप्प बसले असते तर दादा लवकर खाली आला असता, आणि मला कुणी काही विचारलंही नसतं. पण त्या शिडीवर दुसऱ्या कुणाचा तरी दादा चढत होता.

"वहिनी, अधिकाऱ्यांना फोन दे."

"आत्ता? ते गडबडीत आहेत गं."

"दे म्हणते ना!"

त्यांना मी एका दमात सांगितलं, "हात हलत नाहीये, चित्र हलतंय. तुमचा माणूस खाली घ्या."

"आपण कोण?"

"केबल कंपनीतून बोलतेय. त्याची बहीण."

"बाई, मला माझ्या डोळ्यांनी दिसतंय," ते म्हणाले.

"मग आता बघा."

मॅचची जागा ओढून मी सगळी या चॅनलला दिली. मॅनेजर आतून धावत आला. "मॅचचा पार चिखल झालाय! शुद्धीवर आहेस ना?"

"काढून टाका मला," मी म्हणाले आणि त्याच्याकडे बघितलंही नाही.

चित्र स्वच्छ झालं. खांब थांबला, कठडा थांबला, दादाचा हात थांबला.

"खाली ये!" फोनमधून अधिकाऱ्यांचा आवाज फुटला. "अरे, उतर आधी!" मग वाऱ्याचा घोंघाट, आणि कुणीतरी "धर, धर!" किंचाळलं. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. शेवटी ते म्हणाले, "उतरला," आणि फोन वहिनीकडे गेला.

"थांबला गं," ती म्हणाली. "आत्ता तर हलत होता."

"वहिनी, तो हलत नव्हता. आमच्या मशीनमुळे तसं..."

"कळलं मला. सगळं ऐकलं मी." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पण होतं तसं कर ना परत. वारा पडेपर्यंत तरी."

मी मॅचची जागा मॅचला परत दिली. दादाचा हात पुन्हा हलू लागला, आणि फोन कानाला लावून आम्ही दोघी तो बघत बसलो.