शिट्टी वाजलीच नाही

मी पितळेची शिट्टी बोलतेय. बोलायचं होतं तेव्हा माझा आवाज फुटला नाही, आणि आता लाजेनं राहवत नाही म्हणून बोलतेय.

नगरच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांच्या मॅचेसना मी वाजायचे. तिथल्या मेसमधले खाजाभाई मैदानावर चहा आणायचे. कप देता देता त्यांनी फुटबॉलचे सगळे कायदे पाठ केले. एक साहेब विलायतेला परतताना मला त्यांच्या हातावर ठेवून गेला.

तेव्हा शहरात मागांची खटखट वाढत होती, नव्या वस्त्या होत होत्या आणि गल्ली तिथं क्लब निघत होता. पंच मात्र सगळ्यांचा एकच, खाजाभाई! पोरांना ते बजावायचे, "शिट्टी वाजली न्हाई, तर काय झालंच न्हाई. पळत ऱ्हायचं." मी काय तोऱ्यात असायचे म्हणून सांगू!

शेचाळीस साली फायनल लागली. एकीकडे भाईंच्या गल्लीचा हिलाल क्लब, त्यात त्यांचा पुतण्या नूरमहंमद. दुसरीकडे शिवनेरी क्लब, त्याचा कप्तान सूर्यभान. पुतण्या खेळतोय, पंच बदला, असं कुणी तरी म्हणालं. सूर्यभानच उसळला, "भाईंवर माझा इस्वास हाय!"

मध्यंतराला पंचाला विडा द्यायची आमच्याकडे रीत. सूर्यभाननं स्वतः दिला, मग नाही कसं म्हणायचं? विडा गालात असतानाच खेळ सुरू झाला, आणि शेवटी शेवटी एका फुंकरीसरशी सुपारीचं खांड माझ्या पोटात शिरून आतल्या वाजत्या गोळीला अडकलं.

शेवटच्या मिनिटाला नूरमहंमदनं चेंडू चक्क हातानं ढकलला. भाईंनी जीव खाऊन फुंकलं. मी नुसतं फुस्स केलं. गोल!

"भाई, हात लागला हुता!" सूर्यभान धावत आला.

"व्हय, म्या फुंकली..."

"वाजली न्हाई, चाचा," नूरमहंमद म्हणाला. "वाजली न्हाई तर काय झालंच न्हाई. तुमचाच कायदा."

भाईंनी मला खिशात टाकलं. गोल राहिला.

घरी जाताना खिशात खुळखुळून ती सुपारी भाईंच्या नकळत निसटली. भाईंनी अंगणात मला फुंकून पाहिलं, तर मी खणखणीत वाजले. मेले कशी नाही मी तेव्हा!

त्या ईदला शिवनेरीचं कुणी शिरखुर्म्याला आलं नाही. हिलालची पोरं गणपतीच्या मांडवाचे बांबू धरायला गेली नाहीत. भाई बायकोला, मुबारकबीला, सारखं विचारायचे, "म्या फुंकली हुती न्हवं?" पुढं पुढं म्हणायला लागले, "का पुतण्या म्हणून दमच आखडला माझा?"

एका शुक्रवारी नमाज झाल्यावर ते शिवनेरीच्या खोलीवर गेले. मी खिशातच होते.

"सूर्यभान, शिट्टी चांगली हाय. म्याच फुंकली न्हाई. माझी नियत फिरली. माफी दे."

सूर्यभान रडत त्यांच्या गळ्यात पडला. संध्याकाळी दोन्ही क्लबांची पोरं पुन्हा एकत्र खेळली. भाई मात्र परत कधी मैदानात उभे राहिले नाहीत.

मी त्यांच्या ट्रंकेत पडून आहे. भाई तुमच्यापैकी कुणाला भेटले, तर एवढं सांगा हो त्यांना: भाई, तुम्ही फुंकली होती.