मावशीचा स्टीमर आणि भाचीची हनुवटी

मी एक जुना स्टीमर आहे, मित्रांनो, ब्युटी पार्लरमधला. लांब मान, खाली चाकं आणि पोटात काचेचं भांडं. भांड्यात पाणी भरून बटण दाबलं की माझ्या तोंडातून वाफ येते. स्वभावाने मी तापट, पण माणसांचं भलंच करतो असा माझा समज होता. तो कसा खोटा ठरला, ते सांगतो.

कारखान्यातून मी थेट मावशीकडे आलो. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर. मावशीचा हात हलका आणि जीभ तिखट. वाफ गिऱ्हाइकाच्या तोंडावर सोडण्याआधी ती आपल्या मनगटावर घेऊन बघायची. पुढे चकचकीत नवी यंत्रं आली, माझ्या भांड्याला क्षारांचे पांढरे थर चढले, तरी तिने मला भंगारात दिलं नाही. याच्यासारखी वाफ कुणाची नाही, असं ती चारचौघींत सांगायची आणि मी फुशारून जायचो.

तिचा एक नियम पक्का होता. ब्लीच आणि फेशियल एका दिवशी करायचं नाही. दोन उपचार एकत्र आले की कातडी बिघडते. पार्लरपुरता नियम बरोबरच होता. पण त्यानेच पुढे घोळ घातला.

मावशीची भाची तिच्याकडेच राहायची. बालवाडीत नुकतीच शिकवायला लागली होती. तिची पाळी वेळेवर येत नव्हती आणि हनुवटीवर, जबड्याच्या कडेने दुखरे फोड उठायचे. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून पीसीओएस आहे, शरीरातल्या हार्मोन्सचा तोल बिघडलाय, असं सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. चेहरा निवळायला काही महिने जातील, हेही बजावलं. पण आरशात महिने दिसत नाहीत हो, फोडच दिसतात. एकदा वर्गातल्या एका चिमुरडीने विचारलं, बाई, तुम्हाला कांजिण्या झाल्यात का, आणि बाकीची पोरं लांब सरकून बसली. भाची घरी आली ती तोंडाला रुमाल बांधूनच. उद्यापासून शाळेत जाणार नाही म्हणाली.

मावशीला ते बघवेना. वाफ देऊन आतलं सगळं बाहेर काढते, असं तिने ठरवलं. पण ब्लीच आणि फेशियल जसं एकत्र नको, तशी गोळी आणि वाफही एकत्र नको, म्हणून वाफ चालू आहे तोवर गोळ्या बंद ठेव, असं तिने सांगून टाकलं. भाचीने ऐकलं.

मग रोज संध्याकाळी ती माझ्यापुढे बसू लागली. गाल लालबुंद व्हायचे, फोड आणखी सुजायचे. मावशी आपली म्हणायची, बाहेर पडतंय, बाहेर पडतंय. बाहेर काही पडत नव्हतं, मित्रांनो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, तशी गत चालली होती. मला ते अगदी जवळून दिसत होतं, पण सांगणार कसं? माझ्या तोंडातून येते ती नुसती वाफ. मला फार भीती वाटत होती.

एका संध्याकाळी जबड्याखाली मोठी गाठ उठली. कातडी ताणून चकाकत होती. ती फोडायला मावशीने पार्लरमधली, फोड काढायची बारीक सळई पुसून हातात घेतली. भाचीने खुर्चीचे हात घट्ट धरले. सळई टेकणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"मावशी, गोळ्या बंद केल्यापासून पाळी पुन्हा लांबलीये. त्या नुसत्या चेहऱ्यासाठी नव्हत्या गं."

मावशीचा हात जागीच थांबला. "मग आधी का नाही बोललीस?"

"तू एवढ्या मायेने करत होतीस. तुझं मन मोडवेना."

मावशीने सळई खाली ठेवली आणि माझं बटण बंद केलं. मला राग आला नाही. सुटलो एकदाचा, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. मावशी परतली ती मान खाली घालून. औषधं आपल्या मनाने थांबवायची नाहीत, वाफ नको, फोडाफोडी तर मुळीच नको, असं त्यांनी चांगलंच खडसावलं होतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गाठ बसली, डाग मात्र राहिला. फोड अजूनही येतात, पण पहिल्यापेक्षा कमी. भाची शाळेत जाते.

परवा एक बाई भुवया करायला आल्या. भाचीला बघून त्यांची टकळी सुरू झाली. तेलकट खातेस का, तोंड नीट धुतेस का, हे लाव, ते लाव. भाची पाण्याचा पेला घेऊन आत निघाली. मावशीने दातात धरलेला दोरा काढला आणि म्हणाली,

"तिचा इलाज चालू आहे. तुम्ही डोळे मिटा."

भाची वळली. तिथेच खुर्चीत बसून, सगळ्यांदेखत, तिने गोळी घेतली.

मित्रांनो, आम्हाला जपा, आम्हाला वापरा, असं सगळी यंत्रं विनवतात. मी म्हणतो, मला कधी बंद ठेवायचं तेही शिका. आणि कुणाच्या चेहऱ्यावर फोड दिसले तर लगेच उपाय सांगायला धावू नका. तुमच्याआधी दहाजणांनी तो सांगितलेला असतो.